जोड आणि मोड : जुन्या टाळांच्या संग्रहाविषयी

१

अकोल्याच्या जुन्या शहरात तांब्या-पितळेची मोड घेणारे एक दुकान आहे. गेली पंधरा-वीस वर्षे मी तिथे अधूनमधून जातो. पूर्वी भजनी मंडळांचे जुने टाळ तिथे घागरी, समया, फुटके तांबे यांच्याबरोबर गोणपाटात येत आणि वजनावर जात. आता दुकानदार ते वेगळे काढतो. पितळेचे एका घमेल्यात, काशाचे दुसऱ्यात. काशाच्या जुन्या टाळांना मुंबई-पुण्याचे गिऱ्हाईक असते, हे त्याला कळून चुकले आहे. मागच्या वर्षी मी असाच एक टाळ उलटसुलट करून पाहत होतो, तेव्हा त्याने सहज विचारले, "सर, एक पायजे का जोडी? एकटा घेतला तं स्वस्तात देतो."

मला उत्तर सुचेना. 'एका हाताने टाळी वाजत नाही' असे म्हणणाऱ्या भाषेत एकटा टाळ विकायला निघतो, आणि तो घेणारेही असतात. तो पुढे दिवाणखान्यात खिळ्याला टांगला जातो किंवा काचेच्या कपाटात जुन्या कुलपाशेजारी बसतो. तिथे तो सुंदर दिसतो, हेही खरे.

जुने नादवाद्य जमवणारा माणूस नेमके काय जमवतो, हा या लेखाचा प्रश्न आहे. माझे म्हणणे आधीच सांगतो. टाळाचे मोल धातूत आहे, वयात आहे, घडणीत आहे. पण सगळ्यात जास्त ते जोडीत आहे. आणि संग्रहाची आजची रीत नेमकी तीच गोष्ट आधी मोडते. हे पटवताना मला चिनी झांजांकडे वळावे लागेल, कारण आपल्या टाळांचे जे आता होऊ लागले आहे ते त्यांचे शंभर वर्षांपूर्वीच झाले. या मोडतोडीत मी स्वतःही सामील आहे. त्याचा हिशेब पुढे देईन.

२

कासे म्हणजे तांबे आणि कथील. आजीच्या काळी तळपायाला तूप लावून ज्या वाटीने घासत ती काशाची वाटी पुष्कळांना आठवत असेल. चांगल्या नादाच्या काशात कथील साधारण पाचव्या हिश्श्याइतके किंवा थोडे अधिक असते. तांबे १०८५ अंश सेल्सिअसला वितळते, कथील अवघ्या २३२ अंशांना. सुटे असताना दोन्ही मऊ. एकत्र आले की त्यांचा कठीण, दीर्घकाळ नादणारा धातू होतो. मात्र कथील इतके वाढले की धातू ठिसूळही होतो. थंड असताना जोरात घण घातला तर तो काचेसारखा तडकतो. म्हणून घडीव कामात तो लाल तापवून ठोकायचा, निवू लागला की पुन्हा तापवायचा आणि शेवटी लाल असतानाच पाण्यात बुडवायचा. पोलाद असे बुडवले तर ते कडक आणि ठिसूळ होते. काशाचे उलटे आहे : हळूहळू निवले तर ठिसूळ, एकदम निवले तर चिवट. ही गोष्ट प्रयोगशाळेने सांगण्याच्या कितीतरी आधी कारागिराच्या हाताला ठाऊक होती. चीनमधली झांज, तुर्कस्तानातली झांज आणि आपल्याकडची घडीव काशाची भांडी ही सगळी याच ज्ञानाची लेकरे आहेत. ओतून, कातून, घासून केलेले टाळही आपल्याकडे पुष्कळ. त्यांचा घाट जाड आणि आवाज अधिक टोकदार.

पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. ते स्वस्त पडते, सहज घडते, पडले तरी फुटत नाही. विदर्भाला ते परके नाही; पितळी भांड्यांसाठी भंडाऱ्याचे नाव जुने आहे. पितळेचा टाळ खणकन बोलतो आणि लवकर गप्प बसतो. त्याला आस कमी. काशाचा टाळ एकदा बोलला की पुढच्या ठेक्यापर्यंत त्याचा नाद हवेत राहतो, आणि अभंगाच्या संथ चालीत ठेक्यांमधली जागा भरून काढतो.

पण हे एका टाळाचे झाले. कान देऊन ऐकले तर जोडीतले दोन टाळ कधीच तंतोतंत एका सुराचे नसतात. एक किंचित चढा, एक किंचित उतरता. हे दोन जवळचे नाद एकत्र आले की आवाज एकसारखा राहत नाही. तो हेलकावे घेतो, जवळ येतो, दूर जातो. पदार्थविज्ञानाचा नियम साधा आहे : दोन नादांच्या दर सेकंदाच्या कंपनांत जितका फरक, तितके हेलकावे. एकाची कंपने १००० आणि दुसऱ्याची १००४ असतील, तर सेकंदाला ४ हेल. फरक फार झाला तर हेल नाहीसे होऊन कानाला बोचणारी खरखर उरते. फरक अजिबात नसेल तर नाद सपाट लागतो. टाळाचा गोडवा या अरुंद पट्ट्यात असतो. तो कुठल्याही एका चकतीत शोधून सापडणार नाही, कारण तो दोघांमधल्या अंतरात आहे.

आपल्या संगीतशास्त्राला याची जाण होती. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्यातल्या वाद्याध्यायात घनवाद्यांमध्ये ताल आणि कांस्यताल यांची स्वतंत्र नोंद आहे. टाळाच्या जोडीतल्या एकाला शिव आणि दुसऱ्याला शक्ती म्हणण्याची कल्पनाही ग्रंथपरंपरेत आहे. एकाचा नाद मोठा, दुसऱ्याचा लहान. धार्मिक रूपक बाजूला ठेवले तरी त्यातले निरीक्षण पक्के आहे. दोघे सारखे नसावेत, आणि दोघे मिळून एक वाद्य असावे.

३

आता चीनकडे. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात महाजनक जातकाच्या चित्रात नर्तकीभोवती वादकांचा मेळा आहे आणि त्यात टाळही आहेत. वऱ्हाडातून अजिंठा घाटावर जाणाऱ्या आपल्या लोकांना ते चित्र परके वाटत नाही. अजिंठ्याची ही चित्रे रंगवली जाण्याच्या सुमारास, किंबहुना त्याच्याही थोडे आधी, टाळांची ही जात मध्य आशियाच्या वाटेने चीनमध्ये पोचली होती. चौथ्या शतकाच्या आसपास भारतीय आणि मध्य आशियाई संगीताबरोबर धातूच्या झांजा तिथे गेल्याचे चिनी परंपराच सांगते. त्यांना तिथे 'बो' म्हणतात. बौद्ध विहारांत त्या रुजल्या, मग मिरवणुकीत आल्या, मग रंगभूमीवर. बीजिंग ऑपेरात पात्राचा प्रवेश, त्याची गिरकी, तलवारीचा वार या सगळ्यांना झांजांचा आणि थाळ्यांचा ठेका लागतो.

चिनी झांजेचा घाट आपल्यापेक्षा निराळा. पत्रा पातळ, मधला फुगवटा मुठीत धरता येईल असा उंच, आणि काठ उलटा वर वळलेला. आवाज झपकन उठतो, थोडा खरखरीत, आणि चटकन विरतो. पण ती वाजते आपल्या टाळासारखीच : दोन हात, दोन झांजा.

१८५२ मध्ये चिनी ऑपेराची मंडळी सॅन फ्रान्सिस्कोत आली. सोन्याच्या शोधात गेलेल्या चिनी मजुरांच्या वस्त्यांना त्यांची करमणूक हवी होती. मजुरांबरोबर त्यांची वाद्येही अमेरिकेत स्थिरावली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जाझ वाजवणाऱ्या ढोलवादकांनी आपला साज जमवायला सुरुवात केली, तेव्हा हाताशी होते ते चिनी ढोलके, लाकडी ठोकळे आणि चिनी झांजा. एकाच माणसाला पायाने मोठा ढोल, एका हाताने लहान ढोल आणि दुसऱ्या हाताने झांज वाजवायची होती. दोन झांजांना हात कुठून आणणार? मग एकच झांज दांड्यावर टांगली गेली आणि काठीने वाजू लागली. पुष्कळदा ती उलटी टांगतात, म्हणजे काठी वळलेल्या काठावर न बसता खांद्यावर बसते.

त्यातून एक नवा, अस्सल आवाज जन्माला आला, हे नाकारता येणार नाही. ती उसळती, फिसकारणारी झांज नसती तर जाझचा एक रंगच उणा झाला असता. तेव्हा जोड मोडणे म्हणजे नेहमी नासधूस, असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण त्यानंतर जे झाले ते संग्रहाच्या दृष्टीने महत्त्वाचे. जुन्या चिनी झांजांचे शौकीन तयार झाले. ते पाहतात : घणाच्या खुणा असमान आहेत का, म्हणजे हाताने ठोकलेली आहे का; पत्रा किती पातळ आहे; काठाला चीर आहे का; फुगवट्याजवळ चिनी अक्षरांचा ठसा आहे का; रंग किती काळवंडला आहे. हे सगळे एका झांजेचे गुण आहेत. तिची जोडीदार कुठे गेली, हा प्रश्न बाजारात सहसा निघत नाही, कारण त्या बाजाराच्या समजुतीत झांज हे मुळात एकटेच वाद्य आहे.

४

संग्राहकाच्या शब्दांकडे जरा नीट पाहू. 'जुनी झळाळी', 'हाताची घडण', 'दुर्मीळ शिक्का', 'वजनदार'. हे शब्द डोळ्याचे आणि तळहाताचे आहेत. आमच्याकडच्या टाळकऱ्याचा शब्दसंग्रह ऐका : गोड, खणखणीत, बसका, चिरका, फुटका, आस असलेला, आस नसलेला. तो टाळ हातात घेतला की आधी पाहत नाही. दोरीने लोंबता धरून दुसऱ्याच्या काठावर टेकवतो आणि मान कलती करतो. दोघेही एकाच वस्तूची पारख करत आहेत, असे आपण समजतो. प्रत्यक्षात एक जण वस्तू पाहतो आहे, दुसरा वाद्य ऐकतो आहे.

हा फरक माझ्या भावुकतेतून आलेला नाही. वाद्यांच्या शास्त्रीय वर्गीकरणातही तो आहे, आणि त्या वर्गीकरणाच्या मुळाशी एक संग्रहच आहे. कोलकात्याचे सौरींद्रमोहन टागोर यांनी १८७६ मध्ये बेल्जियमच्या राजाला भारतीय वाद्यांचा मोठा संच भेट दिला. ब्रुसेल्सच्या संग्रहालयात त्यांची व्यवस्था लावताना व्हिक्टर माहियाँ यांना तत, सुषिर, अवनद्ध, घन ही आपली चौकट उपयोगी पडली. पुढे १९१४ मध्ये हॉर्नबोस्टेल आणि झाक्स यांनी तिचा विस्तार करून आजही चालणारी क्रमांकांची पद्धत दिली. तिच्यात दोन नादणारी अंगे एकमेकांवर आपटतात ती वाद्ये १११·१ मध्ये येतात. नादणाऱ्या अंगावर न नादणारी काठी पडते ती १११·२ मध्ये. टाळ, मंजिरी, हातात वाजणाऱ्या चिनी झांजा पहिल्या घरात. घंटा, थाळा दुसऱ्या. म्हणजे जोडीतला एक टाळ काढून घेतला तर आपल्याकडे 'अर्धे वाद्य' राहत नाही, दुसऱ्याच जातीची वस्तू राहते. खिळ्याला टांगलेल्या टाळाखाली 'टाळ' अशी पाटी लावणे शास्त्राच्या दृष्टीनेही चूक आहे.

दुसरी गोष्ट अक्षरांची. चिनी झांजेवरचा ठसा तिची किंमत वाढवतो, आणि विकत घेणाऱ्या बहुतेकांना तो वाचता येत नाही. अनोळखी अक्षर हे नक्षीचे काम करते. यावर आपण हसण्याचे कारण नाही. आपल्याकडे जुन्या टाळांवर टोच्याने ठिपके पाडून नाव घातलेले असते : गावाचे, मंडळाचे, कुणाच्या तरी स्मरणार्थ. अशा टाळाला आता जास्त भाव मिळतो. ते नाव कशासाठी घातले होते, याचा मात्र विसर पडतो. सप्ताहात दहा गावचे टाळ एकत्र येत. आपला टाळ दुसऱ्याच्या झोळीत जाऊ नये, म्हणून घराघरांतल्या भांड्यांसारखे टाळांवरही नाव घालत. 'हा आमचा आहे, परत द्या' असे सांगणारी ती पाटी. तिच्यामुळेच तो टाळ आता गावाबाहेर अधिक दराने जातो. संग्रहावर टीका करायची तर मी या एका विसंगतीवर बोट ठेवीन.

५

आता माझा हिशेब.

आमचे गाव मूर्तिजापूरजवळचे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रम उभारला आणि त्यांच्या खंजिरीच्या ठेक्याने वऱ्हाडातली गावे एका प्रार्थनेला बसू लागली. आमच्या गावीही मंडळ झाले. पेटी, तबला, खंजिरी आणि काशाच्या सात जोड्या. वडील टाळकरी. शेगावची पालखी अकोल्यावरून पंढरपूरकडे जाते तेव्हा ते काही मजल तिच्याबरोबर चालत. पावली खेळताना त्यांच्या टाळाचा हेल मला रांगेतून ओळखू येई, असे मला वाटते.

ते गेल्यावर मी मंडळाकडे त्यांच्या जोडीतला एक टाळ आठवण म्हणून मागितला. एकच मागितला, दुसरा मंडळाला राहू द्यावा, दोन्ही नेणे बरे दिसत नाही, अशा विचाराने. शिकलेल्या माणसाला नाही कसे म्हणायचे, म्हणून कुणी काही बोलले नाही. फक्त वडिलांचे जोडीदार काका म्हणाले, "बाप्पू, नेतोस तं दोन्ही ने, नाही तं दोन्ही राहू दे. एका टायाचं का करशीन?" मला वाटले, म्हातारा माणूस, त्याचा जीव अडकला आहे. माझ्या मनात तो त्याग होता. प्रत्यक्षात मी मंडळाचा एक टाळ नेला नव्हता, एक जोडी मोडली होती.

तो टाळ अमरावतीच्या घरी भिंतीवर अकरा वर्षे होता. येणारे-जाणारे त्यावर नखाने टिचकी मारत आणि "वा, काय आवाज आहे!" म्हणत. मीही मान डोलवत असे. मोडीच्या दुकानातल्या त्या प्रश्नानंतर मात्र मला तो तसा पाहवेना. काकड्याच्या दिवसांत तो घेऊन गावी गेलो.

दुसरा टाळ शोधावा लागला नाही. देवळाच्या आढ्याला तारेने टांगलेला होता. जोडीदार नाही म्हटल्यावर मंडळाने त्याला दुसरे काम दिले होते : सायंप्रार्थनेची वेळ झाली की एक पोरगा लोखंडी गजाने तो वाजवायचा. जाझवाल्यांनी चिनी झांजेचे जे केले, तेच आमच्या गावाने कुणालाही न विचारता केले होते. वर्गीकरणाच्या भाषेत तो १११·१ मधून १११·२ मध्ये गेला होता. त्याचा आवाज गावाच्या कानात बसलाही होता.

काकांनी तार सोडवली, नवी दोरी ओवली, दोन्ही टाळ लोंबते धरून काठाला काठ लावला. हेल उठला. मी मोबाइलवर ध्वनिमुद्रण करत होतो. सेकंदाला साधारण पाच हेलकावे भरले. त्यांनी दोनदा पुन्हा वाजवून पाहिले. गजाच्या माराने एका काठाला खाच पडली होती. मग म्हणाले, "जमते. पण हा थकला."

वडिलांच्या हातात हाच हेल होता का? मी विचारले तेव्हा त्यांनी खांदे उडवले. त्या वेळी कुणी मुद्रण केले नव्हते, आणि मी अकरा वर्षे ज्याची आठवण जपत होतो ती नेमकी ऐकू येणारी गोष्ट मी भिंतीवर जपूच शकत नव्हतो. जोडी मंडळात ठेवून आलो. पोराला वाजवायला काकांनी एक जुनी पितळी परात काढून दिली. "बोलवाले काही बी चालते," म्हणाले.

६

यावरून संग्राहकांना मोडीत काढावे, असे मला म्हणायचे नाही. त्यांच्याशिवाय उरलेही नसते. पुण्यात दिनकर केळकरांनी आपल्या दिवंगत मुलाच्या, राजाच्या, नावाने जो संग्रह उभा केला, त्यात अडकित्ते, दिवे, दौती यांच्याबरोबर वाद्येही आहेत. रोजच्या वापरातल्या वस्तूला मोल असते, हे त्यांनी मराठी समाजाला शिकवले. वजनावर जाणारा टाळ आणि कपाटात जाणारा टाळ यांत मी कपाटाच्याच बाजूचा आहे. वितळलेल्या काशाला कुठलाच हेल नसतो.

मागणे एवढेच आहे की संग्रहाने कान वापरावा. टाळ घ्यायचा तर जोडीने घ्यावा, आणि जोडी दोरीने बांधलेलीच ठेवावी. आकार-रंग जुळतो म्हणून दोन अनोळखी टाळांचे लग्न लावू नये. ती डोळ्यांची जोडी होते, कानांची नव्हे. घासून चकचकीत करू नये. दोन्ही टाळ वेगवेगळे आणि एकत्र वाजवून मुद्रण करून ठेवावे. त्याला आता खिशातला मोबाइल पुरतो. कोणत्या गावचे, कोणत्या मंडळाचे, उजव्या हातात कोणता असे, हे लिहून घ्यावे. टाळावर नाव असेल तर ते वाचून आधी त्या गावी विचारावे. आणि वर्षातून एकदा, एखाद्या एकादशीला, ते कुणाच्या तरी हातात द्यावेत.

परवा पुन्हा त्या दुकानी गेलो. एकटा पडलेला काशाचा टाळ अजून घमेल्यात होता. त्यावर ठिपक्यांत दर्यापूर तालुक्यातल्या एका गावाचे नाव आहे. तो मी घेतलेला नाही. नाव मात्र उतरवून घेतले आहे, आणि कार्तिकी झाली की तिथे जाऊन दुसरा कुणाकडे आहे का ते विचारणार आहे.